तिलिचो, आईस लेक की दोन्ही? अन्नपूर्णा सर्किटवर वाट कुठे वाकडी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघांचा गट, वयं चाळिशीच्या आसपास. सह्याद्रीत वर्षभर भटकणं असतं, हिमालयात एकदा केदारकंठा झालाय. ऑक्टोबरच्या शेवटी नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट ट्रेक करायचाय. काठमांडूहून निघून पोखऱ्याला पोहोचेपर्यंत 14 दिवस हातात आहेत. त्यात आईस लेक हे तळं, मिलारेपाची गुहा, तिलिचो सरोवर आणि शेवटी पून हिल ही टेकडी, हे सगळं कसं बसवावं?

सगळं बसत नाही. 14 दिवसांत आईस लेक घ्या आणि तिलिचो सोडा. तिलिचोसाठीच जीव तुटत असेल तर रजा 16 दिवसांची काढा. पून हिल दोन्ही बेतांत नको. मिलारेपाची गुहा त्या दिवशी पायात किती जीव उरलाय त्यावर ठरवा. हे असं का, ते आता सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या रेंज ट्रेकची सवय इथे थोडी आड येते. हरिश्चंद्रगडावर आपण गुहेत सॅक टाकतो आणि हलक्या अंगाने तारामतीवर जाऊन येतो. फार तर दोन तास जातात, जेवण उशिरा होतं, बाकी काही बिघडत नाही. राजगडहून तोरण्याला निघण्याआधी सुवेळा माची पाहून आलो, तरी ऊन वाढण्यापलीकडे फारसं नुकसान नसतं. आपल्याकडे वाट वाकडी केली की फक्त वेळ खर्च होतो. सर्किटवर वेळेसोबत उंचीचाही हिशोब असतो, आणि त्याची वसुली पुढे थोरोंग ला खिंडीत होते. ही खिंड 5416 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणून खिंडीच्या अलीकडे जी आडवाट घ्याल तिला एकच प्रश्न विचारा: ही वाट मला खिंडीसाठी तयार करतेय, की माझे राखीव दिवस खातेय?

त्यासाठी आधी आडवाटांशिवायचा साधा बेत कागदावर मांडा. पहिला दिवस काठमांडू ते बेसीसहर. दुसऱ्या दिवशी जीपने चामे, साधारण 2670 मीटर. तिसऱ्या दिवशी अप्पर पिसांग, 3300. चौथ्या दिवशी वरच्या वाटेने घ्यारू करून ङावल, साधारण 3660. पाचव्या दिवशी खाली ब्रागा, 3450. सहावा दिवस ब्रागातच. सातव्या दिवशी मनांग, 3540. आठव्या दिवशी याक खर्क, 4050. नवव्या दिवशी थोरोंग फेदी, साधारण 4500. दहाव्या दिवशी खिंड ओलांडून मुक्तिनाथ. अकराव्या दिवशी कागबेनी, बाराव्या दिवशी जोमसोमहून पोखरा. हातात दोन दिवस उरले. हे दोन दिवस तुमची सगळ्यात मोठी संपत्ती आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा.

उंचीवर चढण्याचा ढोबळ नियम असा, की 3000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त वर नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. सहाव्या दिवशी ब्रागात थांबायचं ते याचसाठी. हा दिवस कुठल्याही बेतात ठेवावाच लागतो. मग या दिवशी लॉजच्या अंगणात ऊन खात बसण्यापेक्षा वर चढून झोपायला परत खाली आलात, तर शरीर लवकर सरावतं. आईस लेक ब्रागाच्या बरोबर वर, सुमारे 4600 मीटरवर आहे. म्हणजे आईस लेकचा दिवसांतला खर्च शून्य. जो दिवस थांबण्यात जाणारच होता, तोच वापरला.

आता तिलिचो. साध्या बेतात ब्रागाहून मनांगला एक रात्र काढून तुम्ही आठव्या दिवशी याक खर्कला पोहोचता. तिलिचो घेतलंत, तर सातव्या दिवशी खांगसार, आठव्या दिवशी तिलिचो बेस कॅम्प (साधारण 4150), नवव्या दिवशी सरोवर पाहून परत बेस कॅम्प आणि दहाव्या दिवशी याक खर्क. दोन दिवस जास्त, म्हणजे नेमके तुमचे दोन राखीव दिवस. 14 दिवसांत तिलिचो करणं म्हणजे राखीव दिवस शून्यावर आणून खिंडीकडे जाणं. माझा नकार इथे आहे, तिलिचोला नाही. तिलिचो फार सुंदर आहे. 4919 मीटरवरचं ते निळं पाणी आणि त्याच्या पलीकडे सरळ पाण्यात उतरणारी बर्फाची भिंत बघायला माणसाने एकदा जावंच, पण बेतात जागा करून जावं.

राखीव दिवस इतका का लावून धरतोय, तेही सांगतो. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं, आणि दोन दिवसांनी, 14 तारखेला, त्याच्या उरलेल्या ढगांनी थोरोंग ला परिसरात तुफान हिमवर्षाव केला. नेपाळमध्ये त्या वादळात 40 हून अधिक माणसं गेली: ट्रेकर, गाईड, पोर्टर, स्थानिक. कित्येक जण खिंडीत आणि मुक्तिनाथच्या बाजूच्या उतारावर अडकले. ऑक्टोबर हा सर्किटचा सगळ्यात चांगला हंगाम मानला जातो, आणि हे ऑक्टोबरच्या मध्यात घडलं. फेदीला बसून आकाश स्वच्छ व्हायची वाट बघता यावी म्हणून हातात दिवस हवेत. ज्याचं पोखरा-काठमांडू आणि काठमांडू-मुंबई विमान परवाचं आहे, त्याला ढग दिसत असूनही ‘निघून तर बघू’ असं वाटतंच.

मी स्वतः यातून गेलोय. पहिल्यांदा सर्किट केलं तेव्हा आमच्याकडे 14 दिवस होते आणि आम्ही तिलिचो घेतलं. बेस कॅम्पच्या पहिल्याच रात्री आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं. पहाटे तो उठला तेव्हा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. त्याला सरळ रेषेत टाचेला बोट लावत चालायला सांगितलं. तोल नीट होता, म्हणजे उंचीच्या आजाराचं प्रकरण मेंदूपर्यंत गेलं नव्हतं. तरी त्याला वर न्यायचा प्रश्नच नव्हता. एक जण त्याच्यासोबत खांगसारला उतरला, आम्ही दोघे गाईडसोबत सरोवरावर गेलो. पुन्हा एकत्र येण्यात एक दिवस गेला. तो दिवस भरून काढायला आम्ही पुढे याक खर्कचा मुक्काम गाळून थेट फेदी गाठली, आणि दुसऱ्या दिवशी खिंडीवर आमच्यातले दोघे अक्षरशः वीस-वीस पावलांवर थांबत होते. सगळे सुखरूप उतरलो. पण त्या दिवशी हवा बिघडली असती, तर आमच्याकडे मागे सरकायला जागाच नव्हती. तेव्हापासून माझ्या कोणत्याही बेतात राखीव दिवस आधी लिहिले जातात आणि आडवाटा नंतर.

आता प्रत्येक वाटेबद्दल, प्रत्यक्ष चालताना उपयोगी पडेल असं.

आईस लेकची चढण ब्रागापासून जवळपास 1150 मीटरची आहे. जाऊन-येऊन सात-आठ तास लागतात. कळसूबाईच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढाई तुम्हाला ठाऊक आहे. ही त्याहून जास्त आहे आणि तिची सुरुवातच कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवरून होते. सगळा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. झाड नाही, सावली नाही, आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. दोन लिटर पाणी प्रत्येकाने ब्रागातूनच भरून घ्यावं. पहाटे सहाला निघा. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. आमची दुपारी एकची असते: तळं शंभर मीटरवर दिसत असलं तरी एक वाजला की पाठ फिरवायची. तळं स्वतः लहानसं आहे, खरी मजा वाटेची आहे. समोर अन्नपूर्णा 2, अन्नपूर्णा 3 आणि गंगापूर्णा ओळीने उभ्या, आणि खाली मर्स्यांगदी नदीचं सपाट खोरं. त्यामुळे तळ्यापर्यंत न पोहोचता 4200 वरूनच परतलात, तरी पाहायचं ते जवळजवळ सगळं पाहून होतं आणि शरीरालाही फायदा मिळतो. ज्याचं डोकं सकाळीच जड आहे, त्याने मात्र त्या दिवशी ब्रागाच्या जुन्या गोंपापर्यंत (बौद्ध मठापर्यंत) जाऊन यावं, एवढंच.

मिलारेपाची गुहा नदीच्या पलीकडे, दक्षिणेच्या अंगाला, साधारण 4100 मीटरवर आहे. मिलारेपा हा अकराव्या-बाराव्या शतकातला तिबेटी योगी आणि कवी. शिकारी, त्याचा कुत्रा आणि जीव वाचवायला योग्याच्या पायाशी आलेलं हरीण, ही गोष्ट तिथे ऐकायला मिळते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आईस लेकच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखत नसतील, तर सकाळी गुहा करून संध्याकाळपर्यंत मनांग गाठता येतं. पण मनांगला एक गोष्ट चुकवू नका. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं तिथे केंद्र आहे आणि हंगामात दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात. गुहा आणि हे व्याख्यान यांत निवड करायची वेळ आली तर व्याख्यानाला जा. शंका असेल तर तिथेच तपासूनही घेता येतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे मात्र निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं स्पष्ट सांगा.

तिलिचोच्या वाटेवर धोक्याची एकच जागा आहे, पण ती नीट समजून घ्यायला हवी. श्री खर्क सोडल्यावर बेस कॅम्पच्या आधी वाट एका प्रचंड घसाऱ्यावरून आडवी जाते. राखाडी, भुसभुशीत मुरूम आणि चपट्या खपल्या, उभा उतार, खाली दूरवर नदी. पायवाट बुटाच्या रुंदीपेक्षा थोडीच मोठी. आमचा गाईड त्या पट्ट्याच्या आधी थांबला, टोपी काढली आणि मिनिटभर नुसता ऐकत उभा राहिला. वरून बारीक खडे घरंगळल्याचा आवाज येत होता, धान्य चाळताना येतो तसा. तो आवाज थांबल्यावर त्याने आम्हाला एकेकाला, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून पाठवलं. बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. खडे का पडतात, हे कळलं की वेळ कशी ठरवायची तेही कळतं. रात्री गोठून धरलेले दगड ऊन लागल्यावर सुटतात, आणि दुपारी वारा उठला की आणखी सुटतात. म्हणून हा पट्टा जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सकाळीच ओलांडावा. बरेच जण पहाटे सरोवर करून त्याच दुपारी घसाऱ्यावरून परत श्री खर्कला येतात. मी ते करत नाही. सरोवरावरून आल्यावर बेस कॅम्पलाच दुसरी रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी लवकर निघून घसारा पार करून, मनांगला न उतरता, वरच्या वाटेने थेट याक खर्क गाठायचं. 4150 वर दोन रात्री काढल्याने खिंडीची तयारीही पक्की होते. तिलिचो नीट वेळ देऊन केलं, तर ते खिंडीसाठी उपकारकच आहे.

जीपबद्दल इशारा देऊन ठेवतो. आता जीप मनांगपर्यंतच नव्हे, खांगसारपर्यंत जाते. ‘वाचलेले दिवस तिलिचोला वापरू’ हा हिशोब मी दर वर्षी कुणा ना कुणाकडून ऐकतो. बेसीसहर 760 मीटरवर आहे. तिथून एका दिवसात साडेतीन हजारावर जाऊन झोपलात, तर वाचवलेले दिवस मनांगच्या लॉजवर डोकं धरून बसण्यात जातील. चामेपर्यंत जीप चालेल. त्याच्या पुढे चाला, आणि पिसांगनंतर खालच्या रस्त्याने न जाता घ्यारू-ङावलच्या वरच्या वाटेनेच चाला. खरं तर सर्किटवरची सगळ्यात चांगली आडवाट हीच आहे. पिसांगहून घ्यारूला चढणारी नागमोडी वाट दम काढते, पण 3700 च्या आसपास एक रात्र काढून तुम्ही पुन्हा ब्रागाला खाली येता, आणि दुसऱ्या दिवशीचं आईस लेक त्यामुळेच जमतं.

गट चौघांचा आहे म्हणून एक गोष्ट विशेष. नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरना नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाईड घेण्याचा नियम केलाय, त्यामुळे गाईड तुमच्यासोबत असेलच असं धरून चला. पण चौघांत एकच गाईड असला की गट फुटू शकत नाही. एकाला खाली न्यायची वेळ आली, तर उरलेले तिघे वाट माहीत नसताना थांबून राहतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपणच पुढे जातात. म्हणून वाट माहीत असलेला एक पोर्टर सोबत घ्या, आणि ठरवताना एजन्सीला स्पष्ट विचारा की तो तिलिचोला किंवा आईस लेकला गेलेला आहे का. आजारी माणसासोबत कायम कुणीतरी असलंच पाहिजे. त्याला लॉजवर एकटं झोपवून ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघणं, हे कधीही करू नका.

आडवाटेला जाताना मोठी सॅक लॉजवर राहते आणि लहान पिशवी घेतली जाते. त्या पिशवीत बॅटरी हमखास विसरली जाते, कारण निघताना उजेड असतो. हेडटॉर्च, फेदर जॅकेट, वारा अडवणारं जॅकेट, हातमोजे, चिक्की-खजूर-शेंगदाणे, प्रथमोपचार आणि थोडी नेपाळी रोकड, एवढं लॉजपासून तासाभराच्या पुढे जाताना पाठीवर हवंच. लॉजवाल्या दीदींना कुठे चाललोय आणि कधी परतणार ते सांगून निघा. दिवस मावळला की सगळ्यात आधी त्यांचंच लक्ष दाराकडे जातं. आणि विम्याची कागदपत्रं आजच काढून वाचा. किती उंचीपर्यंत संरक्षण आहे हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला 5416 च्या वरचा आकडा हवा आहे. सार्क देशांच्या नागरिकांना अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना सवलतीत मिळतो, त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा.

खिंड ओलांडली की हिशोब बदलतो. मुक्तिनाथला आलात की उंचीचं ओझं उतरलेलं असतं. आता राखीव दिवस उरले असतील तर ते खुशाल उधळा. पून हिल मात्र नको. त्यासाठी तातोपानीहून (1200 मीटरच्या आसपास) घोरेपानीला (2860 च्या आसपास) जावं लागतं, म्हणजे थकलेल्या पायांनी पुन्हा साडेसोळाशे मीटर चढायचं. पून हिल पोखऱ्याहून स्वतंत्रपणे तीन-चार दिवसांत निवांत होतं, घरच्यांना घेऊन करण्यासारखं आहे. तेव्हा ते पुढच्या वेळेसाठी ठेवा.

त्याऐवजी मुक्तिनाथला सकाळी 108 धारांखाली अंघोळ करा किंवा नुसता हात लावा, ज्वालामाईची नैसर्गिक वायूवर जळणारी ज्योत पाहा आणि कागबेनीला जाताना गाडीरस्ता सोडून पलीकडच्या अंगाने झोंग गावातून उतरा. आपल्याकडे देव्हाऱ्यात जो शाळिग्राम असतो तो याच काली गंडकीच्या पात्रातला, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता तेव्हाच्या शंखासारख्या जिवाचा दगड झालेला. कागबेनीला नदीकाठी विकायलाही ठेवलेले असतात.

फक्त एक लक्षात ठेवा: या खोऱ्यात सकाळ कलली की दक्षिणेकडून वारा सुरू होतो आणि दुपारभर तोंडावर वाळू मारत राहतो. जोमसोमची विमानंसुद्धा त्याच्यामुळे सकाळीच उडतात. तेव्हा मुक्तिनाथहून सातला निघा. तासाभरात झोंगच्या पडक्या किल्ल्यापाशी पोहोचाल. तिथे सॅक उतरवा, चिक्की काढा आणि पूर्वेकडे तोंड करून बसा. मुक्तिनाथच्या वर, आदल्या दिवशी तुम्ही उतरून आलात ती खिंड समोर दिसत असते. तिथून वारा उठायच्या आत कागबेनीत पोहोचता येतं.